तिसरा फटका

हसण्याच्या ढिगातून एक हसणं सुटं झालं, आणि लेस टँडीने हातातला बियरचा ग्लास टेबलावर ठेवून दिला. का ठेवला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. ग्लास काठोकाठ भरलेला होता, पहिला घोटही अजून घशाखाली उतरला नव्हता. हात आपोआप खाली गेला, ग्लास पुठ्ठ्याच्या चकतीवर बरोबर मधोमध बसला आणि हात मोकळा होऊन मांडीवर येऊन पडला. समोरच्या मोठ्या पडद्यावर एडना हॉबडे पत्र्याचा ट्रे धरून उभी होती. तिच्या पायाशी तिचा नवरा विल्फ बुटाची नाडी बांधायला वाकला होता, आणि विल्फच्या मागे उभ्या असलेल्या पाद्रीबाबांच्या तोंडावर ट्रेचा तिसरा फटका नुकताच बसला होता. पाद्रीबाबा हलले नव्हते. त्यांचा चष्मा एका कानावरून लोंबत होता. हा क्षण लेसला पाठ होता, घरातल्या जिन्याच्या पायऱ्या पायांना पाठ असतात तसा. पण आज त्या क्षणात कोणीतरी हसलं होतं. आधी तीन कोरड्या ओढी, पाणी न लागलेल्या हातपंपाचा दांडा मारल्यासारख्या, आणि मग भसाभस पाणी.

"थांब, थांब! मागे घे!" ग्लिन खुर्चीतून अर्धा उठला. "एड्रियन, अरे मागे घे ना. कोण आहे हा बाबा?"

एड्रियनने मागे घेतलं. ट्रे पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. तीन कोरड्या ओढी, मग पाणी. पबच्या मागच्या खोलीतली सगळी माणसं खुर्चीला धरून हसायला लागली. सात जणांचं मंडळ होतं ते. 'हॉलची किल्ली' ही पन्नास वर्षांपूर्वीची मालिका पाहत ज्यांचं बालपण गेलं, असे इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतले सात जण दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी इथे जमत आणि एक भाग बघत. चर्चच्या सभागृहाचा रखवालदार विल्फ, त्याची तापट बायको एडना आणि साधाभोळा पाद्री, एवढ्यावर सगळी मालिका. ऑक्टोबर आला की बघायचा भाग ठरलेला असे: 'सुगीचं जेवण'. त्यात विल्फ पाद्रीबाबांसाठी राखून ठेवलेली शेरी वाइन चोरून पितो, एडना त्याला ट्रेने एक हाणते, तो पुन्हा पितो, ती पुन्हा हाणते, आणि तिसऱ्या वेळी तो नेमका नाडी बांधायला वाकतो. फटका पाद्रीबाबांना. मग एक लांबलचक शांतता, आणि पाद्रीबाबा चष्मा नीट करत, रिकाम्या ट्रेकडे बघत म्हणतात, "म्हणजे केक संपला म्हणायचा." एवढाच विनोद. सांगायला गेलं तर काहीच नाही.

"जुन्या टेपवर सगळं हसणं एका गोळ्यात होतं, लापशीसारखं," एड्रियन सांगत होता. तो चाळिशीचा, मालिका पुन्हा दाखवली तेव्हा ती बघत वाढलेला, मंडळातला सगळ्यांत लहान, बहिऱ्या माणसांना कानातली यंत्रं बसवून देण्याचा त्याचा धंदा. "ही नवीन प्रत आली ना, तिच्यात आवाज धुऊन काढलाय. आता प्रेक्षकांतला माणूस न् माणूस वेगळा ऐकू येतो."

"म्हणजे मी म्हणत होतो तेच!" ग्लिनने टेबलावर थाप मारली. "वीस वर्षं नोरीनबाई मला सांगतायत की पाद्री वाक्य विसरला होता म्हणून थांबला. बघा आता! तो या माणसासाठी थांबला होता. याचं हसणं संपू दिलं त्याने. हा हसला नसता तर ती शांतता झालीच नसती."

"अरे, विसरलाच होता तो," नोरीन म्हणाली. "या हातपंपामुळे निभावलं त्याचं."

"हातपंप! वा! नाव ठेवलंस बघ." ग्लिन हसता हसता खोकला. "मास्तर, ऐकलंत का? बारसं झालं."

मास्तर म्हणजे लेस. प्राथमिक शाळेत तीस-पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेला लेस मंडळात याच नावाने ओळखला जाई. त्याने मान हलवली, थोडं हसल्यासारखंही केलं. त्याच्या पोटात मात्र तळघराचं दार उघडलं होतं आणि कोळशाचा, ओल्या कोटाचा, बिडाच्या तव्यावर करपलेल्या चरबीचा वास वर येत होता. ते हसणं त्याच्या बापाचं होतं. शंका घ्यायला जागाच नव्हती. बाप जाऊन चाळीस वर्षं होत आली होती, त्याचा आवाज कुठे टेपवर राहिला नव्हता, घरी ना कोणाच्या लग्नाची फीत ना काही. आणि इथे तो धुऊनपुसून स्वच्छ, काल हसल्यासारखा खोलीत आला होता. लेसला आता कळलं की त्याने ग्लास का ठेवला. आईही ठेवायची. पहिली कोरडी ओढ आली की आई हातात जे असेल ते खाली ठेवायची: किटली, इस्त्री, उकळत्या बटाट्यांचं पातेलं. तीन ओढींइतका वेळ तिला मिळे. सिरिल टँडी आधी हसायचा आणि मग मारायचा. ओढी संपून पाणी आलं की हात सुटलेला असे. गरम काही हातात असताना मार बसला तर ते अंगावर सांडतं, हे आईला एकदा कळलं होतं. तिच्या डाव्या मनगटावर त्याची गुलाबी, सुरकुतलेली खूण होती. नंतर ती कधीच चुकली नाही. लहानपणी लेसला वाटे की सगळ्याच घरांत बाप हसला की आया हातातलं खाली ठेवतात.

"पुन्हा लाव, पुन्हा लाव," कोणीतरी म्हणालं. ट्रे वर गेला. लेसने डोळे पडद्यावरच ठेवले, मुलं फळ्याकडे बघतात तसे, आत काही न जाऊ देता. पण कानांना झाकण नसतं. आईने तेवढ्यासाठी एक युक्ती केली होती. म्हातारपणी ती लेसकडे राहायला आली तेव्हा टीव्हीवर हसण्याचा कार्यक्रम लागला की ती कोचावर कलंडायची आणि चांगला उजवा कान उशीत दाबून धरायची. डावा बहिराच होता. "जरा पडते रे," म्हणायची. डोळे टक्क उघडे असायचे. लेस मग उठून टीव्ही बंद करायचा आणि दोघं चहा प्यायची. त्या डाव्या कानाबद्दल दोघं कधी बोलली नाहीत, कारण तो कान कधी गेला ते दोघांनाही माहीत होतं.

त्या वेळी तो अकरा वर्षांचा होता. बापाच्या कारखान्यातल्या लोकांना लंडनला मालिकेचं चित्रीकरण बघायला जायची फुकट तिकिटं मिळाली होती. बस भरून माणसं गेली. दुसऱ्या दिवशी रविवारी जेवणाआधी बाप स्वयंपाकघरात उभा राहून तो भाग सांगत होता, आणि सांगायची त्याची हातोटी अशी की लेस आणि आई दोघंही खरोखर हसली. आवाज काढून सांगायचा तो: एडनाची चिरकी बोली, पाद्रीबाबांचं नाकात बोलणं. मग सांगून त्याचं भागेना. "असं नाही कळायचं तुम्हाला. करून दाखवतो." ओट्यामागे उभा ठेवलेला ट्रे त्याने ओढून काढला, जाड पत्र्याचा, कडा दुमडलेला, वर एका समुद्रकिनाऱ्याचं चित्र. "मी एडना. आयव्ही, तू विल्फ. आणि लेस, तू पाद्री. ये, आईच्या मागे उभा राहा. अजून जवळ. हं. आता आयव्ही, दोनदा तुला बसेल, तिसऱ्या वेळी तू वाकायचं. नाडी बांधायला. समजलं?" आईने हातातली सुरी खाली ठेवली. पहिला फटका बसला तो हलका होता, सगळे हसले. दुसरा जरा जोरात. आईच्या केसांतला एक आकडा उडून फरशीवर टणकन पडला, तो आवाज लेसला आजही ऐकू येई. मग बापाने ट्रे दोन्ही हातांत धरून बाजूला लांब ओढला आणि कोरड्या ओढी सुरू झाल्या. एक. दोन. लेसला आईची पाठ दिसत होती. फुलाफुलांचा एप्रन, मागची गाठ, मानेवरचे ओलसर केस. ती वाकली की ट्रे सरळ त्याच्या तोंडावर येणार होता, हे त्याला कळलं, आणि तिलाही कळलं असणार, कारण तिची पाठ एकदम ताठ झाली. तीन. ती वाकली नाही. ट्रेची कड तिच्या डाव्या कानावर बसली. हसण्याला पाणी आलं आणि लगेच आटलं. "वाकायचं होतं!" बाप ओरडला. "सांगितलं होतं ना वाक म्हणून? सगळा विनोद घालवलास!" आई कान धरून म्हणाली, "चुकलंच माझं, सिरिल." "मग वाक आता." ती नाही वाकली. मग तो तिला वाकवायला लागला. डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर, ट्रेने, ट्रे वेडावाकडा झाल्यावर हाताने. प्रत्येक वेळी तो "वाक" म्हणत होता आणि ती एक हात मागे करून लेसला भिंतीकडे दाबत होती, स्वतःच्या अंगाखाली झाकत होती. तिच्या बोटांची नखं त्याच्या दंडात रुतली होती. शेवटी ती गुडघ्यांवर बसली ती वाकून नाही, कोसळून. तोवर बाप दमला होता. ओव्हनमधलं मांस करपल्याचा वास येत होता. "आता जेवणही घालवलं," बाप म्हणाला आणि पबमध्ये निघून गेला.

"त्याची बायको किती सुखी असेल," नोरीन म्हणत होती. "असा हसरा माणूस घरात! आमचा तर महिन्यातून एकदा दात दाखवायचा, तेही दातांच्या डॉक्टरला."

"आपण त्याला मानाचा सभासद करू या," ग्लिन म्हणाला. "असेल कुठे तरी, नसेल तर वर असेल. उचला ग्लास. हातपंपाला!"

"हातपंपाला!"

लेसनेही ग्लास उचलला. सगळे आपल्याकडे बघतायत असं त्याला वाटलं. कोणी बघत नव्हतं. बियर कोमट आणि कडू लागली. या माणसांनी त्याला खूप दिलं होतं. आई गेल्यावर त्याने एकदा जुन्या वस्तूंच्या दुकानात या मालिकेची टेप पाहिली आणि चोरी केल्यासारखी घरी आणली. त्याला तो भाग एकदा बघायचा होता. बघितला, आणि थक्क होऊन बसला. तिसरा फटका बसत होता आणि कोणालाच काही होत नव्हतं. पाद्रीबाबा चष्मा नीट करत होते आणि केकबद्दल बोलत होते. ट्रे पातळ होता, आवाज मोठा होता, कोणाच्या कानातून काही वाहत नव्हतं. तो पुन्हा पुन्हा बघत राहिला, जखमेवर गार पाणी ओतत राहावं तसा. मग पबच्या दारावर मंडळाचा कागद दिसला. आत पाऊल टाकलं तेव्हा ग्लिनने उठून खुर्ची पुढे केली होती. ग्लिन आयुष्यभर शहरात बस चालवायचा. मोठ्या पोटाचा, मोठ्या मनाचा माणूस. लेसला न्यूमोनिया झाला तेव्हा तो रोज सूपचा डबा घेऊन येई आणि दारातच सगळ्या बसमधल्या उतारूंच्या नकला करी. नकला करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा ऐकलं की आवाज त्याच्या गळ्यात मुक्कामाला यायचा.

आणि आता त्याने हातपंप उचलला. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जवळ आलं, तिसऱ्यांदा अगदी तेच. तीन कोरड्या ओढी, मग पाणी. खोली हसली. ग्लिनचं तोंड उघडं होतं, खालचे दात दिसत होते, त्यांतला एक किडका. लेसला स्पष्ट दिसलं की आपण ग्लासाची कड टेबलावर फोडतो आहोत आणि उरलेला दातेरी तुकडा त्या उघड्या तोंडात घुसवतो आहोत, जिभेवरून आत, हसणं जिथून येतं तिथवर. गालाचं मांस कसं फाटेल ते दिसलं. ग्लिनचे भाबडे निळे डोळे दिसले. हातांनी हे सगळं आपापसांत ठरवूनही टाकलं होतं, त्याला न विचारता. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले. ही त्याची सवय मुलांच्याही ओळखीची होती. वर्गातला प्रत्येक नकलाकार मास्तरांची नक्कल म्हणून हात मागे बांधून चालायचा. त्यांना वाटे ऐट आहे. पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हेडमास्तरांनी त्याला टेबलाचा खण उघडून रबरी तळाची चप्पल दाखवली होती. "लागत नाही फारसं, आवाज चांगला येतो," ते म्हणाले होते. लेसने त्या चपलेवर रंगीत खडूंचे खोके रचून ठेवले. पुढे सरकारने मारायची बंदी केली, बाकीच्या शिक्षकांनी कुरकुर केली, त्याला काही फरक पडला नाही. त्याने एकाही मुलाला बोट लावलं नव्हतं. लग्नही केलं नाही. आयुष्यात मिळवलेलं असं त्याच्याजवळ हे एवढंच होतं: हा हात उठला नाही. तो हे कधी कोणाजवळ बोलला नव्हता, पण झोप येत नसली की मनातल्या मनात ते उघडून बघायचा.

मुलं मात्र मारायची एकमेकांना. मधल्या सुट्टीत रोज काही ना काही. मग दोघांना आणून लेस समोर उभं करायचा, लागलेल्याला ओल्या कागदी टॉवेलची घडी द्यायचा, कारण शाळेत सगळ्या दुखण्यांवर तेच एक औषध होतं, आणि मारणाऱ्याला विचारायचा, "चुकून की मुद्दाम?" एवढंच. मग थांबायचा. घंटा होऊन गेली तरी थांबायचा. मूल आधी म्हणायचं चुकून. लेस नुसता बघत राहायचा. मग खूप वेळाने, पायाकडे बघत, "मुद्दाम." आणि लगेच, घाईघाईने, "पण सर, कारण त्याने आधी…" "कारण नंतर," लेस म्हणायचा. "आधी तेवढंच पुरे." मग ती ओली घडी मारणाऱ्याच्या हातात देऊन म्हणायचा, "आता तू धर. तो धरू देत असेल तर."

"चला, चिठ्ठ्या काढा!" नोरीनने टोपी फिरवली. ऑक्टोबरचा रिवाज होता. भाग बघून झाला की मंडळातले तिघं तो प्रसंग करून दाखवत, आणि पाद्रीबाबांचं वाक्य झाल्याशिवाय फळांचा केक कापायचा नाही. ट्रे खरा, पत्र्याचा, बाजारातून आणलेला. पहिले दोन फटके हलके, केसांना शिवतील न शिवतील असे. तिसरा मात्र दणदणीत, कारण विल्फ वाकलेला असे आणि मागचा पाद्री तोंडासमोर पबची गुबगुबीत उशी धरून उभा असे. तो तिसरा फटका मारायला सगळ्यांना आवडे. चिठ्ठीत नोरीनला पाद्री आला. ग्लिनला विल्फ. लेसने चिठ्ठी उघडली आणि तिच्यावर एडना होतं.

"मला नको," लेस म्हणाला. "आज घसा बरा नाही."

"एडनाला त्या प्रसंगात वाक्यच नाहीये, मास्तर! नुसतं हाणायचंय," ग्लिन म्हणाला. "या, या, लाजू नका. मी मऊ आहे."

"जा की राजा," नोरीनने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "दर वर्षी कडेला बसतोस. केक वाट बघतोय."

तो उठला. ट्रे हातात आला तेव्हा त्याच्या वजनाचा अंदाज हातांना आधीच होता. कड दुमडलेली होती. खिडकीतून तिसऱ्या प्रहराचं फिकट ऊन येत होतं आणि पडद्यावर एड्रियनने चित्र थांबवून ठेवलं होतं, लोंबता चष्मा आणि आंबट चेहरा. ग्लिन समोर उभा राहिला, त्याच्यामागे नोरीन उशी धरून. ग्लिनने खोटा ग्लास तोंडाला लावला. लेसने ट्रे टेकवला. हसू. ग्लिनने पुन्हा ग्लास तोंडाला लावला. लेसने पुन्हा टेकवला, ग्लिनच्या टकलावर टप्पकन आवाज झाला. हसू. आता नाडी. लेसने ट्रे दोन्ही हातांत धरून बाजूला लांब ओढला. ग्लिनने खाली बघितलं, वाकायला लागलाच होता, आणि एवढ्यात त्याला सुचलं, त्याच्या चेहऱ्यावर ते सुचणं उजेडासारखं आलं, की इथे हातपंप घातला तर काय बहार येईल. तो पुन्हा सरळ झाला. एक कोरडी ओढ. लेसला दिसलं की तो सरळ उभा आहे. दुसरी ओढ. डावा कान दिसला, मोठा, लालसर, पाळीवर पांढरे केस. हातातलं खाली ठेवायला वेळ होता. आईला एवढाच वेळ मिळायचा आणि एवढ्यात ती उकळतं पातेलं चुलीवरून उचलून ओट्यावर ठेवायची, न सांडता. तिसरी ओढ. लेसने ठेवलं नाही.

आवाज दणदणीत झाला. ग्लिन बाजूच्या खुर्चीवर गेला, खुर्ची उलटली, तो खाली. उशीमागून काही न दिसलेल्या नोरीनने ठरल्याप्रमाणे आवाजानंतर थांबून, नाकात, छान म्हटलं, "म्हणजे केक संपला म्हणायचा." सगळे हसले. टाळ्याही झाल्या. लेसच्या हातात ट्रे वाकलेला होता आणि हातांना गोड वाटत होतं, खांद्यापर्यंत, जन्मभराची कळ एकदम सुटल्यासारखं. ते गोड वाटणं त्याने नीट ओळखून घेतलं. मग टाळ्या थांबल्या. ग्लिनच्या बोटांमधून रक्त येत होतं, मनगटावरून शर्टाच्या बाहीत जात होतं.

"देवा रे!" नोरीनने उशी टाकली. "ग्लिन! हलू नकोस. कोणीतरी ॲम्ब्युलन्सला… एड्रियन!"

"काही नाही, काही नाही," ग्लिन फरशीवर बसत म्हणाला. त्याचा चेहरा मेणासारखा झाला होता, तरी तो हसायला बघत होता. "सॉरी, मास्तर. चूक माझी आहे. वाकायचं विसरलो. सगळा विनोद घालवला मी तुमचा."

"चुकूनच झालं, राजा," नोरीन लेसला म्हणाली, कारण लेसचाही रंग उडाला होता. "तू बस खाली. तिसरा जोरातच मारतात सगळे. तुला काय माहीत हा उभा राहील म्हणून."

लेसने ट्रे ग्लिनजवळ फरशीवर ठेवला. मग तो स्वच्छतागृहात गेला, भिंतीवरच्या डब्यातून हिरवे कागदी टॉवेल ओढले, नळाखाली धरले, पिळले, त्यांची चौकोनी घडी केली. हजारो वेळा केलेली घडी. आरशात त्याने बघितलं नाही. बाहेर सगळे वाट देत बाजूला झाले. त्यांच्या चेहऱ्यावर त्याच्याबद्दल दया होती. एवढं सगळं त्याच्यासाठी तयार करून ठेवलं होतं त्यांनी: चुकून, बिचारा, धक्का बसलाय. नुसतं घेऊन खुर्चीत बसायचं होतं. केकही कापला गेला असता थोड्या वेळाने, आणि पुढच्या ऑक्टोबरात ग्लिनने स्वतःच हा प्रसंग रंगवून सांगितला असता, रक्तासकट. लेस गुडघ्यांवर बसला.

"कशाला त्रास घेता," ग्लिन म्हणाला. "म्हटलं ना, वाकायचं मी विसरलो."

"ग्लिन," लेस म्हणाला, "मुद्दाम मारलं मी."

"काय बोलतोयस!" नोरीन म्हणाली.

"तू वाकला नाहीस ते मला दिसलं होतं. मुद्दाम मारलं."

खोलीत शांतता झाली. तिसऱ्या फटक्यानंतरची असते तशी, पण या वेळी तिच्यात कोणी हसलं नाही. ग्लिनच्या तोंडावरचं हसू जायला वेळ लागला. कोपऱ्याकोपऱ्यातून थोडं थोडं गेलं. मग त्याने लेसच्या तोंडाकडे बघितलं, नकला करायच्या आधी तो माणसाकडे बघायचा तसं, नीट.

"का?" तो म्हणाला.

लेसच्या तोंडात सगळं आलं होतं. स्वयंपाकघर आलं होतं, एप्रनची गाठ, फरशीवर पडलेला आकडा, मागे दाबणारा हात, तीन ओढी. पडद्यावरच्या थांबलेल्या चित्राकडे बोट दाखवायचं, एक वाक्य बोलायचं, की खोलीतल्या सगळ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि बहुधा ग्लिनच्याही. कारण नंतर, लेसने मनात म्हटलं. आधी तेवढंच पुरे. त्याने तोंड मिटलं आणि ओली घडी पुढे धरली.

ग्लिनने ती घेतली. स्वतःच्या हाताने कानावर दाबली. आणि दुसऱ्या हाताने, लेसवरची नजर न काढता, फरशीवरचा ट्रे चाचपून ओढून घेतला आणि आपल्या पाठीमागे ठेवला.